मोरावळ्याला बुरशी का आली?

वाचकाचं पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

माझं वय ४३. पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते. नवरा, १५ वर्षांची मुलगी, १० वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असं आमचं घर. मामंजी गेल्यावर २ वर्षांपूर्वी सासूबाई रत्नागिरी जिल्ह्यातलं गावचं घर सोडून आमच्याकडे आल्या. आश्विन लागला की त्यांना ठेवणीतलं करायचे वेध लागतात. गेल्या वर्षी त्यांनी गवार वाळवली, दिवाळी होते न होते तोच ५ किलो आवळ्यांचा मोरावळा घातला. मी २ दिवस रजा काढून किसत बसले. नवऱ्याची रक्तातली साखर काठावर आहे म्हणून मी त्यांना साखर निम्मीच घालायला लावली. डिसेंबर संपता संपता दोन्ही बरण्यांना बुरशी! मी रात्री सगळं ओल्या कचऱ्यात टाकलं, बरण्या घासून माळ्यावर ठेवल्या आणि ‘संपला’ म्हणून सांगितलं. सासूबाईंनी काही विचारलं नाही, पण त्यांना कळलंय. मुलं त्याला हात लावत नाहीत. नवरा म्हणतो, ‘आईला करू दे, तिला बरं वाटतं.’ यंदा दिरांचा फोन आलाय, एसटीने पोतं पाठवतो म्हणून. त्यात लाल भोपळे, तवशी, तिरफळं, नव्या भाताचे पोहे आहेत, आणि दिवाळीनंतर आवळे. तेव्हापासून सासूबाई खुशीत आहेत आणि माझ्या पोटात गोळा आलाय. शहरात हे जमत नाही असं त्यांना स्पष्ट सांगू, की परंपरा माझ्या हातून तुटायला नको म्हणून गप्प बसून करत राहू?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी अडले. ‘साखर निम्मीच घालायला लावली.’ ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. पण गेलं वर्षभर तुमच्या घरात जे अवघडलेपण साचलं आहे, त्याची सुरुवात तिथे आहे असं मला वाटतं. म्हणून आधी बुरशीचं बोलू, मग माणसांचं.

आवळ्याच्या वजनात पाचातले चार भाग तरी पाणीच असतं. मोरावळ्यातली साखर गोडी आणते हे खरं, पण तिचं मुख्य काम राखणीचं. तयार मोरावळ्यात ६५ ते ७० टक्के साखर असली की ती सगळं पाणी स्वतःशी धरून ठेवते आणि बुरशीला वाढायला पाणी उरत नाही. जुन्या बायका किलोभर आवळ्याला सव्वा ते दीड किलो साखर घालत, त्यामागे हेच आहे. ते माप निम्म्यावर आणलं की जे उरतं त्याला मोरावळा म्हणता येत नाही. ते शिजवलेलं गोड फळ होतं आणि फ्रिजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवायचं असतं. शिवाय पाक नीट झाला तरी आवळा नंतर पाणी सोडत राहतो. आख्ख्या आवळ्यांचा मोरावळा असेल तर चार-पाच दिवसांनी पाक पातळ झालेला दिसतो. तेव्हा आवळे झाऱ्याने काढून पाक पुन्हा आटवून घ्यायचा. किसाचा असेल तर सगळाच परत मंद आचेवर ठेवायचा, कीस पारदर्शक होईपर्यंत. हे तुमच्या सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. पण साखरच निम्मी असेल तर कितीही आटवलं तरी ते सावरत नाही.

म्हणजे त्यांचा हात चुकला नव्हता. पुण्याची हवाही आड आली नव्हती. आणि तुम्ही नवऱ्याच्या काळजीने सांगितलंत, त्यात तुम्हाला तरी काय दोष द्यायचा! पण आता सासूबाईंच्या जागी क्षणभर बसून बघा. गावच्या घरात वर्षानुवर्षं ज्या बाईच्या बरण्यांवर सगळ्यांचा भरवसा होता, त्या बाईची बरणी सुनेच्या घरी नासली. कुणी काही बोललं नाही. बरण्या गुपचूप माळ्यावर गेल्या. त्यांचं मौन तुम्ही रागाचं धरलं आहे. मला ते लाजेचं वाटतं. ‘आता माझ्या हातचं टिकत नाही’ असं त्या मनात म्हणत असतील तर? नवरा गेला, घर सुटलं, आणि आता हातही गेला, असं तर त्यांना वाटत नसेल?

म्हणून पोतं यायच्या आत एक काम करा. दुपारचा चहा घेताना, मुलं घरात नसताना त्यांना सांगा: ‘आई, गेल्या वर्षीचा मोरावळा संपला नव्हता. त्याला बुरशी आली म्हणून मी तो टाकला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले. साखर मीच कमी करायला लावली होती, त्यामुळे तो टिकला नाही.’ एवढंच बोला. ‘म्हणून यंदा नको’ हे शेपूट त्याला लावू नका. ते लावलंत तर आधीची सगळी कबुली केवळ नकाराची तयारी होती असं त्यांना वाटेल. बोलून झालं की त्यांना बोलू द्या, किंवा गप्प बसू द्या.

टाकलंत ते मात्र योग्यच केलंत, याबद्दल मनात काही ठेवू नका. वरचा थर काढून खालचं खायचं, ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि ती सोडायला हवी. पातळ, ओल्या पदार्थात बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. सगळी बरणी टाकायची. आणि साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेहाच्या काठावरच्या माणसाला चालतो, हाही समज मनातून काढा. गुळानेही रक्तातली साखर चढते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. स्पष्ट नाही म्हणू की गप्प बसून करत राहू, अशा दोनच वाटा तुम्ही मांडल्या आहेत. दोन्हीत एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: करायचं तर ५ किलोच. हे ५ किलो आले कुठून?

माझा अंदाज सांगते. गावच्या घरात खाणारी तोंडं दहा-बारा असतील. दिवाळीला आलेल्या माहेरवाशिणीच्या पिशवीत एक बाटली जात असेल. शेजारी वानवळा जात असेल. वानवळा हा शब्द तुमच्या मुलांना माहीत नसेल तर जरूर सांगा: आपल्याकडे पिकलेलं, आपण केलेलं, त्यातलं थोडं शेजारी-पाजारी, नात्यागोत्यात चाखायला पाठवायचं. ५ किलोतलं दोन-अडीच किलो असं घराबाहेर जाण्यासाठीच असे. पुण्यात तुमच्या सदनिकेत माप तेच आलं, पण घ्यायला येणारे हात आले नाहीत. म्हणून बरण्या भरलेल्या राहिल्या.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. कोकणातली खरी मोठी बेगमी चैत्र-वैशाखात व्हायची. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, पापड, सुकी मासळी, सगळं मिरगाच्या आत. कारण पुढे चार महिने पाऊस. बाजार दूर, वाटा बंद. ती साठवण अडचणीच्या दिवसांसाठी होती आणि त्यात चूक परवडणारी नव्हती. शरदातलं वेगळं असतं. पाऊस सरलेला, हळवं भात कापायला आलेलं, परड्यात भोपळे-तवशी, रानात आवळे. हे मुबलकतेचे दिवस. या दिवसांत माणसं मुख्यतः ताजं खात, वाटून टाकत, आणि जे उरे किंवा जे पुढे मिळणार नाही तेवढं ठेवत. आज तुमच्या घराखाली वाण्याचं दुकान बाराही महिने उघडं आहे. साठवायची गरज उरलेली नाही, चवीची ओढ उरली आहे. मग माप गरजेचं कशाला? चवीपुरतं करा.

माझ्या आईचं सांगते. आम्ही तिघं भावंडं घराबाहेर पडलो तरी ती कितीतरी वर्षं त्याच मोठ्या बरणीत मोरावळा घालत राहिली. दर होळीला निम्मी बरणी कुणाला तरी देऊन टाकायची आणि उदास व्हायची. तिला कमी कर म्हणून सांगायचा धीर कुणाला झाला नाही. एकदा धाकट्या भावाने सहज विचारलं, ‘आई, आपल्याला वर्षाला किती लागतो गं?’ ती बोटांवर मोजत बसली. पुढच्या कार्तिकात तिने माळ्यावरून लोणच्याची लहान बरणी काढली, धुतली, उन्हात ठेवली आणि म्हणाली, ‘आता एवढी पुरे.’

तुम्हीही असंच विचारा. सांगू नका, विचारा. हिशोब त्यांनाच करू द्या, कारण हिशोबात त्या तुमच्याहून तरबेज असणार. तुमच्या माहितीसाठी: किलोभर आवळ्यांचा किसाचा मोरावळा पावणेदोन ते दोन किलोच्या घरात भरतो. खाणाऱ्या फार तर तुम्ही दोघी. दोघींनी रोज चमचा-दीड चमचा खाल्ला तरी तो दोन महिने पुरतो. ५ किलो म्हणजे वर्ष काढायचं झालं! किलोभर घरासाठी आणि त्यांची इच्छा असेल तर आणखी किलोभर वानवळ्यासाठी. याहून जास्त लागेल असं मला वाटत नाही. तो दुसरा किलो मात्र कापू नका. तुमच्या सोसायटीत, तुमच्या बँकेत, मुलीच्या क्लासमध्ये अशी पाच-सहा माणसं सहज निघतील ज्यांना घरचा मोरावळा हवा आहे आणि करणारं कुणी नाही. लहान बाटल्या आणा, आणि देताना सासूबाईंना बरोबर न्या. कुणीतरी त्यांना ‘आजी, कसा केलात?’ असं विचारायला हवं आहे. तुमच्या इमारतीत त्यांना अजून हे विचारणारं कुणी भेटलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं.

आता वेळेचं. नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळीचा फराळ, तुळशीचं लग्न, हे सगळं सहा आठवड्यांत. त्याच्या आधी बँकेची सहामाही. त्यात मोरावळा घुसवला म्हणून तुम्ही गेल्या वर्षी दमलात. आवळ्याला एवढी घाई नसते. तो कार्तिकात बाजारात येतो खरा, पण पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत मिळत राहतो. बनारसी आवळा लवकर तयार होतो, चकैयासारख्या जाती उशिरा. मोरावळ्याला पुरता तयार झालेला, मोठा, डाग नसलेला आवळाच हवा. तुळशीचं लग्न होऊ द्या, फराळाचे डबे रिकामे होऊ द्या, मग मार्गशीर्षातला एक रविवार त्यासाठी ठेवा. दिरांनाही तसं कळवा. ‘आवळे महिनाभर उशिरा पाठवा, आणि दोनच किलो’ असा फोन तुमच्या नवऱ्याने करायचा.

नवऱ्याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. ‘आईला करू दे, तिला बरं वाटतं’ हे वाक्य मायेचं आहे, पण ते बोलणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. आईला बरं वाटावं म्हणून बायको रजा काढते, आणि मुलगा बरं वाटू देतो! मोरावळ्यात ताकदीची कामं भरपूर असतात. आवळे निवडून आणणं, धुऊन पुसून कोरडे करणं, किसणं, घट्ट होत आलेला पाक तळाला लागू न देता पाऊण तास ढवळणं. ही कामं ‘मदत’ म्हणून नकोत; ती त्याचीच म्हणून वाटून द्या. त्याच्या आईने त्याला हे कधी शिकवलं नसेल, कारण तेव्हा मुलग्यांना शिकवत नसत. आता शिकवतील. मला खात्री आहे की मुलाला पाकाची तार दाखवताना त्यांना जे बरं वाटेल ते तुम्ही केलेल्या दहा बरण्यांनी वाटणार नाही.

आणि त्याच्या साखरेपायी सगळ्या बरणीची साखर कापायची गरज नाही. त्याने मोरावळा खाऊ नये, किंवा किती चालेल ते डॉक्टरांना विचारावं. त्याच्यासाठी आवळे खारात घाला: लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम मीठ, पाणी उकळून पूर्ण गार करायचं, टोचलेले आवळे त्यात बुडतील असे ठेवायचे, वर दोन-चार मिरच्या, आणि बाटली फ्रिजमध्ये. रक्तदाब असेल तर यालाही माप हवं. नाहीतर आवळे वाफवून, फोडी सुट्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. आमटीत, चटणीत महिनोन् महिने येतात. आवळा मुळातच खूप आंबट असल्यामुळे तो ठेवायला सोपा. गवार, लसूण, भोपळा यांसारख्या आंबट नसलेल्या वस्तू मात्र नुसत्या तेलात किंवा पाण्यात घालून हवाबंद बाटलीत बाहेर ठेवू नका. त्यात वरून न दिसणारं विष तयार होऊ शकतं. हे मी सगळ्याच वाचकांना कळकळीने सांगते, कारण हल्ली तेलात बुडवलेल्या लसणाच्या बाटल्या घरोघरी दिसतात.

गवार वाळवायचं यंदा सोडा म्हणून सुचवून बघा. ती आता पुण्यात वर्षभर ताजी मिळते. त्यांना दह्यामिठात घोळून तळलेल्या शेंगाच हव्या असतील तर पाव किलो पुरे. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, पण बाल्कनीत ते तीन-चार तासच येतं आणि कबुतरांचा त्रास वेगळा. जुन्या मऊ साडीचं एकेरी फडकं ताटावर बांधायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत ताट घरात घ्यायचं, आणि शेंग वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ओल आहे.

मुलांचं मला फार अवघड वाटत नाही. त्यांना मोरावळा आवडत नाही, तर नको. पण ‘हे लोक गावचं खातच नाहीत’ असा शिक्का मारू नका. मुलग्याला एक कच्चा आवळा मिठाला लावून खायला द्या, तोंड वाकडं करू द्या आणि लगेच पाणी प्यायला सांगा. पाणी गोड लागतं! दहा वर्षांच्या मुलाला हे शाळेतल्या पाच मित्रांना दाखवावंसं वाटणार. मग वाफवलेल्या फोडींना आलं, सैंधव, जिरं लावून तीन-चार दिवस वाळवलेली आवळासुपारी त्याच्या हाताशी ठेवा. मुलीला वजनकाटा आणि वही द्या. आजी ‘अंदाजाने’ घालतात, आणि ‘किती’ विचारलं की ‘लागेल तेवढं’ म्हणतात. त्यांचा हात न अडवता, त्यांनी ओंजळीत घेतलेलं आधी काट्यावरच्या वाटीत पडू द्यायचं, आकडा लिहायचा, मग पातेल्यात. पाकाची तार, कीस कितपत शिजला, कोणता वास आला की उतरवायचं, तेही तिच्या शब्दांत लिहू द्या. फोनवर चित्रणही करता येईल, पण काट्यावरचे आकडे चित्रणात दिसत नाहीत.

आणि आता पोतं. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, आणि तुमच्या पोटात गोळा तिच्यामुळेच आला! म्हणून ते पोतं मी तुमच्याबरोबर उघडून बघते.

लाल भोपळ्यांना तुम्ही काहीच करायचं नाही. गावी ते शिंकाळ्यात टांगून ठेवतात. तुमच्याकडे शिंकाळं नसेल तर वारा लागेल अशा कोपऱ्यात, फरशीवर नको, कापडाच्या घडीवर ठेवा. देठ मोडू देऊ नका, एकमेकांना टेकू देऊ नका, आख्खा भोपळा फ्रिजमध्ये घालू नका. न चिरलेला, कुठे मार न लागलेला भोपळा दोन महिने आरामात राहतो. निसर्गानेच केलेली बरणी ती. चिरला की मात्र बिया काढून आठवड्याच्या आत संपवायचा. एकाचे घारगे होतील, ते चार दिवस डब्यात जातील. एकाची भाजी. बिया धुऊन वाळवून भाजा, मुलं चित्रपट बघताना खातील.

तिरफळं हे तुमच्या पोत्यातलं सोनं आहे. कोकणाबाहेर ती फारशी मिळत नाहीत आणि मिळाली तरी वास उडालेली. चांगली कडकडीत वाळवायची, टरफल उकललं की आतलं काळं बी काढून टाकायचं आणि टरफलं काचेच्या बाटलीत. एका बसणीचं काम आहे, सासूबाई बसल्या बसल्या करतील. वर्षभर बांगड्याच्या आमटीत नाहीतर तुरीच्या डाळीत चार-पाच टाकायची. ठेवणीतलं म्हणून यंदा एवढं एकच केलंत तरी माझ्या मते पुष्कळ झालं.

तवसं म्हणजे भली मोठी पिकलेली काकडी. ती गावी केळीच्या सोपटात बांधून आढ्याला टांगतात आणि दिवाळीपर्यंत वापरतात. पुण्यातल्या बंद घरात ती तशी राहणार नाही. म्हणून साठवू नका, करून खा. किसून तिच्याच पाण्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, चिमूटभर मीठ, हळदीचं पान मिळालं तर तळाला. धोंडस म्हणतात तुमच्याकडे, काही घरी तवसाळी. पूर्वी खाली-वर निखारे ठेवून भाजत, तुमच्याकडे ओव्हन असेल तर त्यात. हे मुलीला करू द्या. केकसारखं कापता येतं, आणि त्या वयात केक करायचा उत्साह असतोच.

आणि नव्या भाताचे पोहे. ते दिवाळीच्या पहिल्या पहाटेचे. कोकणात नरकचतुर्दशीला अभ्यंग झालं, कारीट फोडलं की फराळाच्या आधी पोहे असतात. दूधपोहे, दहीपोहे, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे, बटाट्याचे, एकेका घरी पाच-सहा तऱ्हा. शेजारी एकमेकांकडे पोहे खायला जातात. सासूबाई हे सगळं आयुष्यभर करत आल्या आणि पुण्यात दोन दिवाळ्या त्यांनी चकली-चिवड्यावर काढल्या असतील. यंदा फराळातले दोन पदार्थ कमी करा. चकल्या विकत आणा, त्यात काही कमीपणा नाही. पहाटेला पोह्यांच्या चार तऱ्हा करा आणि तुमच्या मजल्यावरच्या दोन घरांना बोलवा. हे कोणत्याही बरणीत मावत नाही, आणि माझ्या मते तुमच्या सासरचा शरद ऋतू मोरावळ्यापेक्षा जास्त इथे आहे. दिरांना एक जास्तीची गोष्ट पाठवायला सांगा: भाताच्या चार लोंब्या. दसऱ्याला नाहीतर कोजागिरीला, तुमच्याकडे जशी रीत असेल तशी, आंब्याच्या पानात बांधून दारावर ‘नवं’ लावता येईल.

अशी पत्रं मला दर आश्विनात येतात. कुणाच्या घरी सासूबाईंच्या जागी आई असते, कुणी परगावी किंवा परदेशात एकटं असतं आणि करणारं माणूसच गेलेलं असतं. त्यांना एवढंच सांगेन की आपापल्या गावचं बघा. भंडारा-गोंदियाकडच्यांनी तळ्यातले ताजे शिंगाडे उकडून खावेत आणि मूठभर वाळवावेत. पुण्याजवळच्यांना पुरंदरचं सीताफळ आहे. त्याचा गर शिजवायच्या फंदात पडू नये, तापवला की कडवट होतो, साखर घालून फ्रीझरमध्ये टाकावा किंवा सरळ दुधात. दूर राहणाऱ्यांनी तिथल्या बाजारात जे त्या महिन्यात ताजं असेल त्याला आपला हात लावावा. फोडणी आणि मीठ-मसाला आपला असला की क्रॅनबेरीचंही लोणचं होतं. ती आवळ्यासारखीच आंबट असते. ज्यांच्या घरी विचारायला कुणी उरलं नाही त्यांनी मावशी-आत्यांना फोन करावा. त्या वाट बघत असतात.

तुम्हाला आणखी एक सांगायचं राहिलं. परंपरा तुमच्या हातून तुटेल ही भीती तुम्ही एकटीने का वाहायची? तुम्ही त्या घरात विशीत-पंचविशीत आलात. नवरा तो मोरावळा खाऊनच मोठा झाला, मुलं त्याच आजीची नातवंडं. त्यांनाही ती तितकीच लागू आहे. तुम्हाला मोरावळा स्वतःला आवडतो की नाही, हेसुद्धा पत्रात कुठे आलेलं नाही. आवडत नसेल तर तेही सासूबाईंना सांगून टाका. कदाचित त्यांना तुमच्या माहेरचं लिंबाचं लोणचं आवडत असेल आणि त्याही बोलल्या नसतील.

माळ्यावरच्या बरण्या उतरवायला मुलाला चढवा. मोठी तिरफळांना नको, तिच्यात पोहे ठेवा. लहान असेल ती धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, म्हणजे मार्गशीर्षात तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधायला तयार राहील. पोतं आल्या दिवशी मात्र आधी तवशी बाहेर काढा, एखादी वाटेत दबली असेल तर ती त्याच संध्याकाळी किसा.